विटेएवढा झरोका

मिस्त्रीच्या उजव्या हाताची पाठ कायम ओलसर असे. बोलता बोलता तो ती जिभेला लावायचा आणि समोर धरायचा. मग समोर भिंत असो, दार असो की आम्ही चहा पीत बसलेलो असू. हवा कुठून येते आणि कुठे जाते हे त्या ओल्या कातडीला कळत असे. खाणीत त्याचे कामच ते होते. जमिनीखाली लांबवर पसरलेल्या गल्ल्यांमध्ये वरून पंख्याने हवा सोडत. पण हवा आपण होऊन माणसांपर्यंत जात नाही, जवळची वाट सापडली की तिकडून पळ काढते. तिला वळवायला कुठे लाकडी दार लागते, कुठे जाड कापडाचा पडदा, कुठे विटांची भिंत. दारे बसवणे, पडदे ताणणे आणि भिंती बांधणे हे हवामिस्त्रीचे काम. त्याला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. पगारपत्रकात त्याचे नाव मीच लिहीत असे, पण ते तेवढ्यापुरतेच.

मी खाणीच्या कार्यालयात हिशेबाला होतो आणि राहायला कामगारांच्या घरांच्या त्याच्याच ओळीत, एक घर सोडून. त्यामुळे पुढे सांगतो आहे त्यातले बरेचसे मी पाहिलेले आहे. जे पाहिले नाही ते मिस्त्रीने किंवा त्याच्या बायकोच्या भावजयीने सांगितलेले आहे.

त्याच्या बायकोला सगळी वस्ती ताई म्हणे. याला कारण तिचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, भावाला तिनेच वाढवले आणि लग्न होऊन आली ती त्याला बरोबर घेऊनच. मिस्त्री सांगायचा, "लग्नात मला एक शिलाई यंत्र मिळालं आणि एक मेव्हणा. यंत्र आपण होऊन चालतं, मेव्हण्याला ढकलावं लागतं." हे तो मेव्हण्यासमोर सांगायचा आणि मेव्हणा सर्वांत मोठ्याने हसायचा. मिस्त्रीनेच त्याला खाणीत लावले, कोळसा तोडणाऱ्या टोळीत. पाळी संपली की तो ओळीच्या टोकापासून "ताई, भूक" अशी आरोळी देत यायचा. स्वतःचे लग्न होऊन शेवटच्या घरात बिऱ्हाड मांडल्यावरही ही आरोळी थांबली नाही. त्याची बायको म्हणायची, माझ्या हातचं याला फक्त रविवारी चालतं. ती आरोळी ऐकून ऐकून दुकानदार, शाळामास्तर, म्हातारी माणसेसुद्धा तिला ताई म्हणू लागली.

मग पूर्वेकडच्या गल्लीत आग लागली.

खाणीतली आग पाण्याने विझत नाही. तिला हवा मिळू द्यायची नाही, एवढाच उपाय. बचावाची तुकडी दोनदा आत जाऊन परत आली आणि तिसऱ्यांदा जायला तुकडीच्या प्रमुखाने नकार दिला. आत वायू साचला होता, कोणत्याही क्षणी स्फोट झाला असता आणि मग खाणीत कुठेही असलेला माणूस वाचला नसता. गल्लीच्या आतल्या टोकाला मेव्हण्याची टोळी अडकली होती. ती जिवंत असण्याची शक्यता नाही असे सगळ्या जाणत्यांचे एकमत झाले. साहेबांनी गल्लीचे तोंड बांधून काढायचा हुकूम दिला.

त्या पाळीला दुसराही एक गवंडी हजर होता. चांगला माणूस होता आणि भिंतीपलीकडे कोण आहे हे त्याला माहीत होते. तो म्हणाला, मिस्त्री, तुम्ही बाजूला व्हा, हे मी करतो. मिस्त्रीने त्याला विटा द्यायला उभे केले आणि थापी स्वतःच्या हातात घेतली. पुढे त्याने मला कारण सांगितले. त्या गवंड्याचे विटांमधले सांधे भरलेले दिसायचे, पण धरायचे नाहीत. तिथे करंगळीएवढी फट राहिली असती तर आग हवा ओढत राहिली असती आणि बाकीचे मेले असते. शिवाय आपल्या माणसाची भिंत परक्याने बांधावी हे त्याला बरे वाटले नाही. या दोन कारणांतले त्याच्या मनात पहिले कोणते होते हे तो सांगू शकला नाही.

सगळ्या बायका खाणीच्या फाटकाशी उभ्या होत्या. कार्यालयातल्या आम्हा लोकांना तिथे त्यांना धीर द्यायला पाठवले होते, म्हणजे नुसते उभे राहायला. मिस्त्री वर आला. ताई गर्दीतून पुढे झाली. ती रडत नव्हती. तिने भिंत कुणी बांधली ते विचारले. तो म्हणाला, मी. शेवटची वीट कुणी लावली, तिने विचारले. तो म्हणाला, मीच.

लग्न झाल्यापासून ती त्याला अहोजाहो करत होती. त्या वेळी म्हणाली, "लावायच्या आधी कान लावलास का रे?"

तिने उत्तराची वाट पाहिली, मग भावजयीचा हात धरून तिला घरी घेऊन गेली. त्यानंतर त्याला ती पुन्हा अहोच म्हणू लागली आणि हा विषय मी तरी त्या घरात कधी निघालेला ऐकला नाही.

आमच्या ओळीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात शेगडीच्या वर, छताच्या जरा खाली, एका विटेएवढा झरोका ठेवलेला होता. धूर आणि वाफ जायला बांधणाऱ्याने ठेवलेला. थंडीत लोक त्यात चिंध्या कोंबत आणि बहुतेक घरांत त्या वर्षानुवर्षे तशाच राहत. भिंत बांधली त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईने आपल्या झरोक्यातल्या चिंध्या ओढून काढल्या. रोज सकाळी ती स्टुलावर चढून ओल्या फडक्याने तो आतून पुसून घेई. मी एकदा सहज विचारले तर म्हणाली, कोळ्याची जाळी धरतात हो. याहून जास्त कुणी काही विचारले नाही, कारण तेव्हा त्याने काही बिघडत नव्हते. कामगारांना कोळसा फुकट होता. शेगड्या दिवसरात्र पेटलेल्या असत आणि फार उकडले की लोक खिडक्या उघडत. कडक थंडीत उघड्या खिडक्या ही आमच्या वस्तीची श्रीमंती होती. पाहुणे आले की कोट काढून बसत आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटे.

खाण बंद झाली तेव्हा ही श्रीमंती सर्वांत आधी गेली. कोळशाचा ट्रक यायचा थांबला. लोकांनी विजेवरचे हिटर आणले आणि मग कळले की आपण इतकी वर्षे चाळणीत राहत होतो. दारांखालून, खिडक्यांच्या चौकटींतून, माळ्यावरून, सगळीकडून ऊब निघून जात होती. हिटर लालबुंद आणि पाय गार. वीजबिल आले की घराघरांत भांडणे होत. त्याच सुमारास शिंपी गेला, मग न्हावी गेला, मग चपलांचे दुकान बंद झाले. तरुण मुले शहरात निघून गेली. राहिले ते आमच्यासारखे, ज्यांना दुसरीकडे कुणी बोलावले नव्हते.

कामगार संघटनेचा जुना सेक्रेटरी खटपट्या माणूस. त्याने सरकारदरबारी खेटे घालून एक सहकारी संस्था काढली. खाणीचे मोठे न्हाणीघर, जिथे पाळीवरून आलेली माणसे अंग धुवायची, तिथे कारखाना सुरू झाला. शहरातून जुने कपडे गठ्ठ्यांनी यायचे, ते पिंजून त्यांच्या जाड गाद्या दाबून काढायच्या आणि घरांच्या भिंतींना व माळ्यांना लावायच्या. फटी बुजवायच्या, दारांना रबर लावायचे. घर एकदा नीट बंद झाले की निम्म्याहून कमी विजेत ते उबदार राहते, आणि ती ऊब आपल्याच माणसांच्या हातून मिळते, असा सगळा हिशेब. संस्थेचे दप्तर माझ्याकडे आले. पहिले काही महिने लोकांनी चेष्टाच केली. जन्मभर भोकं पाडली, आता भोकं बुजवा, असे म्हणत. पण पगार हातात पडू लागला तेव्हा चेष्टा करणारेच रांगेत उभे राहिले.

शहरातून एक तरुण इंजिनियर बाई यायची. तिने दारात कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला लावली, म्हणजे फटींतून किती हवा आत येते ते यंत्रावर दिसते. मिस्त्री लांबून पाहत होता. जवळ येऊन म्हणाला, "हा तर आमचाच पंखा. धुऊन आटलेला दिसतोय." बाई हसली. मग त्याने हाताची पाठ ओली केली आणि घरभर फिरू लागला. त्या दिवसापासून तो टोळीप्रमुख झाला. त्याच्या टोळीत पाच-सहा जुने खाणकामगार होते आणि एक दिवेवाली. ती पूर्वी खाणीच्या दिवेखोलीत असे. पाळीवर जाणाऱ्याला दिवा द्यायचा, परत आलेल्याचा मोजून घ्यायचा. तोंडाने फटकळ. मिस्त्री एखादा सांधा पुन्हा करायला लावायचा तेव्हा ती म्हणायची, "मिस्त्री, हे घर आहे. इथे राहणाऱ्यांना उद्या दार उघडायचंय." मी त्याला इतका आनंदात फार वर्षांनी पाहत होतो. आग लागल्यापासून तो कामावर जायचा तो मान खाली घालून. आता लोक त्याला आपल्या घरी बोलावत, इथे हात लावा, तिथे बघा म्हणत, आणि म्हाताऱ्या बायका त्याला चहा पाजत.

नगरपालिकेने एक अट घातली. पहिली ओळ करून दाखवा. ओळीची तपासणी एकत्र होईल आणि गळतीचा आकडा मर्यादेत बसला तर वस्तीतल्या सगळ्या ओळींचे काम संस्थेला मिळेल. आमच्या ओळीतल्या घरांचे माळे एकमेकांना जोडलेले आहेत. एका घराला मोठे भोक राहिले तर शेजारची घरेही त्यातूनच ऊब गमावतात. पहिली ओळ म्हणजे आमचीच. माझे घर झाले, भावजयीचे झाले, एकेक करून सगळी झाली. सगळ्यांचे झरोके विटा लावून बंद केले आणि त्याऐवजी प्रत्येक स्वयंपाकघरात एक छोटा पंखा बसवला, वाफ आणि कोंदट हवा बाहेर टाकायला. राहिला तो फक्त मिस्त्रीच्या घरातला झरोका.

मिस्त्री ताईला काही विचारेना. त्याच्या घराची खिडक्या-दारे झाली, माळ्यावर गाद्या पसरल्या, पण स्वयंपाकघरात काम निघाले की तो दुसऱ्या घराकडे वळायचा. शेवटी सेक्रेटरी स्वतः ताईकडे गेला. चहा झाला. तो म्हणाला, ताई, सगळ्या वस्तीच्या पोटापाण्याचं आहे, आणि प्रश्न फक्त एका विटेचा आहे.

"हो ना," ताई म्हणाली, "एका विटेचाच."

मग तिने त्याला सांगितले की बाकी घराचे काय हवे ते करा, तेवढे राहू द्या. सेक्रेटरी माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, मी मालकांशी भांडलो, मंत्र्यांशी भांडलो, या बाईशी कसं भांडायचं ते मला समजत नाही.

ताईची छाती आधीपासूनच नाजूक होती. त्या थंडीत तिला धाप लागायला लागली. ती दोन-दोन स्वेटर घालून हिटरजवळ बसे आणि वरून झरोक्यातून गार हवा तिच्याच अंगावर उतरे. एका सकाळी तिला श्वासच घेता येईना, तेव्हा तिला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितले की आता औषधाइतकीच ऊब महत्त्वाची. घर गार राहिले तर ही परत इथेच येईल आणि दर वेळी घरी जाईलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी न्हाणीघरात जमली होती. मी हजेरी घ्यायला गेलो होतो. सेक्रेटरी म्हणाला, तपासणी तोंडावर आली आहे, डॉक्टरही तेच सांगतात, ताई घरी यायच्या आत होऊन जाऊ दे. परत येईल ती उबदार घरात येईल, चार दिवस रागावेल आणि मग तिलाच बरे वाटेल. बहुतेकांनी माना हलवल्या. दिवेवाली तेवढी उठून उभी राहिली. तिचे म्हणणे असे की घर बाईचे आहे, बाई नसताना त्याला हात लावायचा नाही. कुणी ऐकेना तेव्हा ती मिस्त्रीकडे वळली.

"लावायचीच असेल तर मी लावते. माझ्यावर रागावू दे. माझं काय जातंय."

मिस्त्रीने तिच्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "तुझ्या सांध्यातून वारा जातो."

हे त्याने टोचून म्हटले नाही. ते खरेच होते आणि आत बायकोची छाती होती. त्याने एक चांगली भाजलेली वीट निवडली, भिजवली, बायको नसलेल्या घरात स्टुलावर चढला आणि झरोका बंद केला. बाहेरून सांधा भरला, आतून गिलावा केला, वाळल्यावर भिंतीच्या रंगाचा हात फिरवला. मी पाहायला गेलो तेव्हा झरोका नेमका कुठे होता ते मला सांगता आले नाही. त्याने ओला हात भिंतीवरून फिरवून दाखवला आणि म्हणाला, काही नाही.

ताईला घरी आणले त्या दुपारी तिची पिशवी माझ्या हातात होती. भावजय आधीच येऊन बसली होती, टोळीतलेही दोघेतिघे दारात होते, त्यांत दिवेवालीही. ताई आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. घरात ऊब होती आणि हलणारी हवा नव्हती, ते तिला वर बघायच्या आधीच कळले असावे. मग तिने वर पाहिले. ती स्टूल ओढू लागली तेव्हा मिस्त्री म्हणाला, अगं, चढू नकोस, धाप लागेल. ती चढली. भावजयीने तिला कमरेशी धरले. ताईने तळहात भिंतीवर ठेवला, थोडा डावीकडे सरकवला, थोडा उजवीकडे. मग खाली उतरून खुर्चीवर बसली.

तिने हे कुणी केले ते विचारले. दिवेवालीने तोंड उघडलेच होते. तिने सांगितले असते की मी केलं, आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली असती. पण मिस्त्री आधी म्हणाला, मी.

"दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं?" ताईने विचारले.

"त्यांच्या हातून गळती राहिली असती."

"मग राहू द्यायची होती."

आवाज चढलेला नव्हता. दारातली माणसे हळूहळू निघून गेली. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली. मला एवढे आठवते की थोड्या वेळाने ताईने अंगातला जाड स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. खोली खरोखरच उबदार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री छिन्नी आणि हातोडी घेऊन स्टुलावर चढला. भावजय पेज करत होती, तिनेच हे मला सांगितले. त्याने छिन्नी टेकवली तेवढ्यात ताई अंथरुणातून म्हणाली, "राहू द्या. आता काय ऐकायचंय."

ती पुढे म्हणाली की ओळीचं काम अडेल, लोकांच्या तोंडचा घास जाईल, उतरा खाली, पेज निवतेय. तो उतरला आणि त्याने पेज खाल्ली.

तपासणीच्या दिवशी पंखा मिस्त्रीच्याच दारात बसवला होता. इंजिनियर बाई यंत्रावरचा आकडा दोनदा पाहून खूश झाली. पालिकेचे साहेबही खूश झाले. आत ताई पलंगावर बसून हे सगळे बघत होती. तिने बाईला विचारले की आता कुठूनच काही येत नाही का. बाईला वाटले की आजीला कौतुक वाटते आहे.

"कुठूनच नाही, आजी. इतकं घट्ट काम मी दुसरीकडे पाहिलं नाही."

"त्यांचं काम चांगलंच असतं," ताई म्हणाली.

मिस्त्री बाजूलाच उभा होता. बाईने त्याच्याकडे पाहून मान डोलावली. तो बाहेर निघून गेला आणि पालिकेच्या माणसांनी हस्तांदोलनासाठी त्याला शोधले तेव्हा कुठे सापडला नाही.

काम मिळाले. संस्थेने आणखी माणसे घेतली, न्हाणीघराला लागून शेड उभी राहिली. न्हावी परत आला. चपलांच्या दुकानाच्या जागी हिटर आणि पंखे दुरुस्त करणाऱ्याने टपरी टाकली. दोन-चार घरांतली मुले शहरातून परत आली आणि माळ्यांवर गाद्या पसरू लागली. वस्तीचे विजेचे खर्च निम्म्यावर आले हे मी ताळेबंदाच्या बैठकीत वाचून दाखवले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री त्या बैठकीला आला नव्हता.

ताईची तब्येत सुधारली. डॉक्टरांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. ती पुन्हा रुग्णालयात गेली नाही, घरातल्या घरात हिंडूफिरू लागली, स्वयंपाक करू लागली. भांडण नव्हतेच. शेजारी बसून ऐकले तर ते एखादे नीट चाललेले घर वाटले असते. डबा भरला आहे. पाणी तापलं आहे. आज मीठ जास्त पडलं का. पण पूर्वी ती शिलाई यंत्रावर बसली की स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची, मध्येच थांबायची, मग पुन्हा सुरू करायची. ते बंद झाले. स्टूल तिने मागच्या अंगणात ठेवून दिले. पावसात त्याची फळी फुगली तरी कुणी आत आणले नाही.

एकदा कचेरीत काही सही करायला आला होता तेव्हा मिस्त्री माझ्यासमोर बसला. तसा विषय निघाला नव्हता, मी विचारलेही नव्हते. म्हणाला, "त्या वेळी कान लावला असता तर हात चालला नसता. म्हणून लावला नाही. एवढंच तिला सांगायला पाहिजे होतं. तेव्हाच."

मी म्हटले, आता सांग. तो म्हणाला, आता ती सबब सांगितल्यासारखी वाटेल. मग सही कुठे करायची ते विचारले, मी बोट ठेवले आणि त्याने सही केली.

दुसऱ्या थंडीत ताई गेली. फुप्फुसे आधीच खराब झालेली होती, उबेने जेवढे पुढे ढकलता आले तेवढे ढकलले गेले होते, असे डॉक्टरांनी सांगितले. शेवटचे काही दिवस भावजयच तिच्या उशाशी असे. सगळे आटोपल्यावर मिस्त्रीने भावजयीला विचारले की ताई त्याच्याविषयी काही बोलली का. भावजय खोटे बोलणारी बाई नव्हे. तिने सांगितले, तुम्ही दुपारचं जेवलात का, एवढं विचारत होती. मिस्त्रीने आणखी काही आहे का म्हणून तिच्या तोंडाकडे पाहिले. आणखी काही नव्हते.

त्यानंतर त्याने टोळी सोडली आणि कारखान्यात कपडे पिंजायच्या यंत्रावर बसू लागला. तिथे धुरळा फार, पण बोलावे लागत नाही. दिवेवाली टोळीप्रमुख झाली. तिच्या ओळीही पास होऊ लागल्या. आकडा मिस्त्रीच्या वेळेइतका कमी येत नसे, पण मर्यादेत असे, आणि तेवढे पालिकेला पुरे होते.

गेल्या महिन्यात शेवटच्या ओळीचे काम निघाले. तिथल्या एका घराची भिंत फुगलेली होती. हवा नेमकी कुठून येते ते टोळीला सापडेना. दिवेवाली मिस्त्रीला घ्यायला आली. आधी तो नाही म्हणाला. मग कपाळावरचा धुरळा पुसत उठला. मी त्याच बाजूला बिले द्यायला निघालो होतो, म्हणून बरोबर गेलो. त्याने हात ओला केला, भिंतीवरून फिरवला, गुडघ्यांवर बसला, परत उठला आणि चौकटीच्या वर एका जागी बोट ठेवले. विटेचा एक तुकडा निखळला होता. दिवेवालीने चुना कालवून थापी त्याच्यापुढे केली. त्याच्या हातचे काम पाहायला टोळीतली नवी माणसे जवळ सरकली होती.

त्याने थापी घेतली नाही. तूच लाव, म्हणाला, आणि बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिला. आतून विटेवर थापी वाजल्याचा आवाज येत होता. तो हात खिशात घालून समोरच्या घराकडे बघत होता.

थोड्या वेळाने दिवेवाली दारात आली. तिच्या कोपरापर्यंत चुना लागला होता.

"मिस्त्री, या. धरलं का ते हात लावून बघा."

"धरलं असेल," तो म्हणाला. आणि आत गेला नाही.